चिनी कुंचलेदाणी (बीथोंग) घ्यायची आहे. पोर्सलीन की बांबू? बजेट ६,००० रु.

शाईचा_डाग
चिनी पद्धतीची शाईची चित्रं काढते. टेबलावर आत्ता १४ कुंचले आहेत: ९ मध्यम (दांड्यासकट २४ ते २६ सेंमी), ३ बारीक अक्षरांसाठीचे (२० सेंमी) आणि २ जाडे, बकरीच्या केसांचे (३० सेंमी). सगळे स्टीलच्या पेल्यात उभे असतात आणि पेला आठवड्यातून एकदा तरी कलंडतो.

निळी-पांढरी बीथोंग मिळाली तर हवी आहे. बजेट ६,०००, फार ताणलं तर ७,०००. राहायला पुण्यात. टेबल खिडकीशी, पावसाळ्यात खोली दमट.

१) उंची आणि व्यास किती असावा?
२) पोर्सलीन घ्यावं की बांबू?
३) जुनी की नवी? जुन्या बाजारात एकाने 'कांग्शी बादशहाच्या काळातला ब्रश पॉट' म्हणून एक वस्तू दाखवली. २८ सेंमी उंच, १२ सेंमी व्यास, सरळ नळकांडं, निळी-पांढरी, अंगावर पाकळीच्या आकाराची सहा भोकं. ९,५०० सांगतोय. फोटो जोडला आहे.

खापरतोड्या
फोटोतली वस्तू कुंचलेदाणी नाही. ती टोपीदाणी आहे, चिनीत माओथोंग. चिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातले अधिकारी आपली टोपी हिच्यावर ठेवत. भोकं असतात ती हवा खेळण्यासाठी आणि शोभेसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या ढिगाने बनल्या, जोडीने विकल्या जात आणि नवरीच्या सामानात जात. कांग्शी बादशहाची कारकीर्द १६६२ ते १७२२. तेव्हा हा आकार नव्हताच. म्हणजे विकणारा किमान सव्वाशे वर्षं वर चढवून सांगतोय.

कांग्शीकाळातल्या बीथोंगचं माप साधारण १४ ते १६ सेंमी उंच आणि १५ ते १९ सेंमी रुंद असं असतं. म्हणजे रुंदी उंचीइतकी किंवा जास्त. उंच आणि बारीक नळकांडं दिसलं की आधी टोपीदाणीचा संशय घ्यायचा. उलट वीतभर रुंद तोंडाचं उथळ भांडं दाखवलं तर ती बीशी, म्हणजे कुंचले धुवायचं भांडं. विकणारे तिन्ही वस्तू 'ब्रश पॉट' म्हणूनच विकतात.

काठपदर
सहा हजारांत काय येणार, ताई? वर्षभर थांबा, पैसे जमवा आणि एक खरी संक्रमणकाळातली घ्या. संक्रमणकाळ म्हणजे मिंग घराणं जाऊन चिंग घराणं स्थिरावेपर्यंतचा, १६२० ते १६८३ च्या आसपासचा. मिंग घराण्यातल्या वान्ली बादशहाच्या अखेरच्या वर्षांत जिंगदेझनच्या, म्हणजे चीनमधल्या पोर्सलीनच्या मुख्य गावच्या भट्ट्यांना दरबारी मागणी आटली, मग कुंभारांनी खाजगी गिऱ्हाईक धरलं. सूचौ वगैरे भागातले सुशिक्षित पैसेवाले हे ते गिऱ्हाईक. त्यांना टेबलावर मांडायच्या वस्तू हव्या होत्या. पोर्सलीनची कुंचलेदाणी खऱ्या अर्थाने तेव्हा रुळली, त्याआधी बांबू आणि लाकूडच जास्त.

माझ्याकडची १९ सेंमी उंच आहे, कमरेत किंचित आत, तोंडाशी किंचित बाहेर. वर आणि खाली झिलईखाली कोरलेली पट्टी, जी तिरप्या उजेडातच दिसते. गवत इंग्रजी व्ही अक्षरासारख्या छोट्या फटकाऱ्यांनी काढलेलं. तळ सपाट, बिनझिलईचा. असं एकदा हातात घेतलं की नवीन माल डोळ्यांना बोचतो.

शाईचा_डाग
काठपदर, आभार, पण बजेट ६,००० आहे. आणि १९ सेंमी उंचीत माझे २० सेंमीचे बारीक कुंचले गडप होतील.

बोरूबहाद्दर
शेवटी कोणीतरी कुंचल्यांची लांबी वाचली म्हणायची, तीही धागाकर्तीनेच.

हिशेब सोपा आहे. भांड्याची आतली खोली कुंचल्याच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून थोडी जास्त हवी. २५ सेंमीच्या कुंचल्याला १३ ते १५ सेंमी. तुमचा पेला १२ सेंमीचा असेल, पण वजन दीडशे ग्रॅम. १४ कुंचल्यांचा भार वरच्या बाजूला, म्हणून कलंडतो. पोर्सलीनची भिंत ५ ते ८ मिमी जाड असते, भांडं किलोभर भरतं आणि जड बूड खाली राहतं. खरा फायदा तो.

व्यास १४ कुंचल्यांना १० ते १२ सेंमी पुरतो. १८ सेंमीच्या तोंडात १४ कुंचले टाकलेत तर ते चहूकडे आडवे पडतात आणि केस एकमेकांना घासतात. दिसायला छान, वापरायला त्रास.

त्याहून महत्त्वाचं: ओला कुंचला बीथोंगमध्ये उभा करायचाच नाही. केस वर करून ओला ठेवला की पाणी दांड्याच्या खोबणीत उतरतं, तिथला डिंक सुटतो आणि पुढच्या महिन्यात केसांचा अख्खा झुपका हातात येतो. शाईतही प्राण्यांच्या कातड्या-हाडांचं सरस असतं. ते मुळाशी वाळून दगड झालं की टोक फाटतं. म्हणून: गार पाण्याने धुवा (साबण नको, गरम पाणी तर नकोच), बोटांनी मुळापासून टोकाकडे पिळा, टोक जुळवा, केस खाली करून टांगा. पुण्याच्या जुलैत दोन दिवस. पूर्ण वाळला की मग दाणीत. टांगायची दांडी नसेल तर टेबलाच्या कडेला टोक बाहेर काढून आडवा ठेवा.

तळ्यात_मळ्यात
+१ बोरूबहाद्दर. आणि फोटोतली टोपीदाणी आहे, कुंचलेदाणी नाही.

जरा वेगळं. दाणी टेबलावर कुठे ठेवणार? मिंगकाळातल्या सूचौच्या वेन झनहंगने (१५८५–१६४५) मांडणी सांगून ठेवली आहे. टेबल खिडकीच्या अगदी लगत नको, वारा-ऊन लागतं. वर एक जुना शाईचा दगड (ज्यावर शाईची कांडी पाण्यात घासतात तो), एक कुंचलेदाणी, कुंचला टेकवून बघायची एक तबकडी, एक पाण्याचं भांडं आणि डोंगराच्या आकाराचा एक दगड. एवढंच. आणि शाईचा दगड डावीकडे, म्हणजे ओल्या शाईची चकाकी डोळ्यांवर येत नाही आणि दिव्याखालीही बरं पडतं.

बोरूबहाद्दर
डावीकडे?? उजव्या हाताने लिहिणारा दर शब्दाला कागदावरून हात ओलांडून शाई घेणार आणि वाटेत ठिपके पाडणार. आज बहुतेक सगळे दगड उजवीकडेच ठेवतात.

तळ्यात_मळ्यात
उजेड डावीकडून येत असेल तर दगड उजवीकडे ठेवल्यावर ओली शाई चमकते आणि किती घट्ट झाली ते कळत नाही. घासायला डावीकडे, लिहायला उजवीकडे, असं दोन्ही करणारेही आहेत.

खापरतोड्या
धागा दाणीचा आहे.

घटम्
बांबूच घ्या. त्याच वेन झनहंगने कुंचलेदाणीच्या यादीत सगळ्यात वर ठिपकेदार श्यांगफेइ बांबू आणि ताडाच्या जातीचं लाकूड ठेवलंय. आठ कोनांच्या आणि फुलाच्या आकाराच्या दाण्यांना त्याने सरळ नाकं मुरडली आहेत. मातीच्यांत त्याला तिंग नावाच्या जुन्या चिनी भट्टीची पांढरी, बांबूच्या पेराच्या आकाराची हवी होती, पण मोठी मिळणं कठीण म्हणतो. म्हणजे पोर्सलीनवाल्यांनाही शेवटी बांबूचाच आकार हवा.

कोरीव बांबूचं घर म्हणजे ज्यादिंग, आता शांघायमध्ये येतं. तिथल्या चू घराण्याच्या तीन पिढ्यांनी बांबूची दाणी चित्रासारखी कोरायला घेतली. आज त्यांचं नाव कोरलेल्या हजार दाण्या फिरतात, तेव्हा नाव बघून घेऊ नका.

सहा हजारांत साधी, न कोरलेली, जाड भिंतीची घ्या. भिंत किमान ८ मिमी. बूड वेगळं बसवलेलं असतं, तिथे फट बघा. आतून टॉर्च मारा: पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर आत भुंगा आहे.

जुनाबाजार
पुण्याच्या पावसात बांबू? पावसाळ्यात बुरशी आणि मे महिन्यात उभी चीर. वातानुकूलित खोली असेल तर आणखी लवकर. लाकडी म्हणत असाल तर तेही ऐका: चिनी लोक ज्या 'झीथान' लाकडाच्या दाणीसाठी वेडे होतात ते म्हणजे आपलं रक्तचंदन, आंध्रच्या डोंगरातलं.

घटम्
चंदनाला भुंगा लागत नाही, वासही येतो.

जुनाबाजार
चंदन नव्हे, रक्तचंदन. दोन्ही वेगळी झाडं. रक्तचंदनाला तो वास नाही. आणि १९९५ पासून ते आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे, 'झीथानची दाणी' परदेशातून मागवताना किंवा पाठवताना परवान्याचं लचांड येतं. हस्तिदंताचं तर नावच काढू नका.

मूळ प्रश्नावर येतो. जुनी पोर्सलीन दाणी बघायची असेल तर चित्र सगळ्यात शेवटी. आधी उलटी करा. कांग्शीकाळातल्या दाणीला बहुधा रुंद, सपाट, बिनझिलईची कडी असते आणि मधला भाग खोलगट, झिलई दिलेला. चिनी लोक जेडच्या चकतीवरून या बुडाला नाव देतात. कडीवरची माती भिजवलेल्या चिकट तांदळाच्या पिठासारखी दाट दिसते, हाताला गुळगुळीत. झिलई संपते तिथे नारिंगी बारीक रेघ येऊ शकते. नकली मालात ही रेघ लोहाच्या पाण्याने रंगवतात आणि ती सगळीकडे एकसारखी जाड असते. बुडाला चहा, चिखल, बुटाचं पॉलिश असलं काहीही लावतात. ओल्या कापसाने पुसा, निघतं.

नाममुद्रेवर तर अजिबात जाऊ नका. १६७७ मध्ये जिंगदेझनच्या स्थानिक अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला बंदी केली होती. म्हणून त्या सुमाराच्या अस्सल मालावर रिकामं दुहेरी वर्तुळ, पान, नाहीतर दोनशे वर्षं जुन्या छंगह्वा बादशहाचं नाव सापडतं. आणि 'कांग्शी' अशी चार अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास घातली गेली. नाव दिसलं म्हणून आनंदू नका, एवढंच.

काठपदर
बाकी बरोबर, पण नाममुद्रा थेट निकालात काढू नका. कांग्शीकाळात आख्खं गद्य लिहिलेल्या दाण्या आल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या वांग बाओने 'शहाण्या राजाला गुणी मंत्री मिळाले' या विषयावर लिहिलेली प्रशस्ती दाणीभर, बारीक अक्षरांत, आणि शेवटी झिलईखालच्या तांबड्या रंगात शिक्का. त्या शिक्क्यावरून...

खापरतोड्या
...आणि त्याच दाणीच्या नकला आज सगळ्यात जास्त. भिंगातून अक्षरं बघा, फटकाऱ्याला सुरुवात-शेवट नसेल तर छापील.

सिंगापूरची_सून
सगळे काय जुन्याच्या मागे लागलाय! नवीन घ्या, जिंगदेझनची, हाताने रंगवलेली. माझी १४ सेंमी उंच, १२ रुंद, साधी निळी-पांढरी, आणायचा खर्च धरून साडेचार हजारांत बसली.

फक्त हातचं आहे का ते तपासून घ्या. विक्रेत्याकडून जवळून काढलेला फोटो मागवा. दहा पट भिंगाखाली छापाचे ठिपके जाळीसारखे दिसतात आणि नळकांड्याला छाप गुंडाळला तिथे मागे एक जोड असतो, चित्र तिथे अर्धा मिलिमीटर चुकतं. हातच्या कामात निळ्याच्या छटा पाण्याने विरत गेलेल्या दिसतात. टपोऱ्या कुंचल्यात पातळ कोबाल्ट (निळा रंग त्याचाच) घेऊन कच्च्या भांड्यावर नुसता थेंब ढकलत नेतात, कुंचला टेकवत नाहीत. कच्ची माती पाणी लगेच शोषते, म्हणून हात थांबला की डाग. ती थोडीशी असमानता म्हणजे चांगली खूण.

काठाला तपकिरी रेघ असलेली मिळाली तर घ्या. शोभेची नाही ती. काठावर झिलई मातीवर नीट बसत नाही आणि बारीक टवके उडतात. लोहयुक्त तपकिरी लेप दिला की ते कमी होतं. सतराव्या शतकाच्या मध्यापासूनची युक्ती आहे.

तळ्यात_मळ्यात
+१ नवीन. आणि आधी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेला चिनी संग्रह बघून या. तिकिटाच्या पैशांत डोळा तयार होतो.

जुनाबाजार
डोळा तयार होतो, बोटं नाही. काचेआड बूड कोण दाखवणार?

शाईचा_डाग
सगळ्यांचे आभार. बाजारात परत गेले होते. टोपीदाणी उलटी करून बघितली. बुडाची कडी अरुंद आहे, नाममुद्रा नाही. टिचकी मारली तर बद्द वाजते. उजेडात धरल्यावर काठापासून खाली साधारण ६ सेंमीची केसासारखी रेघ दिसते. विकणारा म्हणतो 'झिलईतली रेघ आहे, भट्टीतलीच'. आता ७,५०० वर आलाय.

खापरतोड्या
भट्टीतली तडक बहुधा बुडाला असते, आणि तिच्या कडांवर झिलई वितळून गोल झालेली दिसते. काठापासून सरळ खाली उतरणारी, नखाला लागणारी रेघ नंतरच्या धक्क्याची. बद्द आवाज त्याला साक्ष आहेच.

३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी घेऊन अंधारात बघा. दुरुस्ती करून वर रंग मारला असेल तर तेवढा पट्टा दुधाळ चमकतो, मूळ झिलई तशी चमकत नाही. बॅटरी नसेल तर सुईचं टोक हलक्या हाताने फिरवा: झिलईवर सुई घसरते, दुरुस्तीच्या लेपात अडकते. विकणाऱ्याला विचारूनच.

बोरूबहाद्दर
दुरुस्ती असो-नसो, २८ सेंमी खोल भांड्यात २६ सेंमीचा कुंचला आत नाहीसा होतो. काढायला चिमटा लागेल. नको.

सिंगापूरची_सून
नको. नवीन घ्या.

घटम्
नको. बांबू.

काठपदर
मी तर म्हणेन थांबा. ही सात हजारांची घेतलीत की संक्रमणकाळातली कधीच घेणार नाही.

तळ्यात_मळ्यात
टोपीदाणीत कागदाच्या गुंडाळ्या ठेवता येतील ना?

बोरूबहाद्दर
श्वान कागदाचा (शाईच्या चित्रांसाठीचा चिनी कागद) नेहमीचा ताव ६९ × १३८ सेंमी. ६९ सेंमीची गुंडाळी २८ सेंमीच्या नळकांड्यात उभी केली तर तुमच्या पेल्याच्या आधी हीच कलंडेल.

जुनाबाजार
आणखी एक. ती खरंच चिंगच्या शेवटच्या काळातली असेल तर वय शंभराच्या वर. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती चिनी का असेना. चीनमधूनही १९११ च्या आधीची वस्तू बाहेर काढायला २००७ पासून बंदी आहे, तेव्हा नव्याने मागवायच्या 'अस्सल जुन्या'ला भुलू नका. उद्या परदेशी राहायला जाणार असाल तर नव्या दाणीलाच हात घाला.

शाईचा_डाग
घेतली. टोपीदाणी. तडा दाखवून ५,८०० ला.

चिडू नका, हिशेब केला आहे. आतला व्यास पावणेअकरा सेंमी. बुडाशी १३ सेंमी उंचीपर्यंत वाळू भरली तर साधारण पावणेदोन किलो. वजन सगळं खाली, कलंडायचा प्रश्न मिटला. वर १५ सेंमी खोली उरते, म्हणजे बोरूबहाद्दरांच्या मापात मध्यम नऊ बसतात, जाडे दोन जेमतेम. बारीक तीन आडव्या तबकात. आणि सहापैकी वरची तीन भोकं बरोबर वाळूच्या वर येतात. दमट खोलीत दांड्यांना हवा लागेल, जी तुमच्यापैकी कोणाच्याच बीथोंगमध्ये लागत नाही. कुंचले टांगून वाळवल्यावरच आत जातील, ते मात्र ऐकलं आहे.

बोरूबहाद्दर
भोकांचा मुद्दा मान्य करावा लागतोय, नाइलाज आहे. पण वाळू कढईत भाजून, गार करून मगच घाला, नाहीतर जुलैत तीच ओल धरेल. आणि समुद्राची वाळू नको, मीठ पाणी ओढतं.

खापरतोड्या
वाळू सुट्टी भरू नका. तडा गेलेल्या भांड्यात वाळू बसत बसत घट्ट होते आणि भिंतीवर दाब येतो. शिवाय खालच्या तीन भोकांतून सगळी टेबलावर येईल! जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवा, सैल भरा, एकावर एक ठेवा. भांड्याखाली नमद्याचा तुकडा लावा. रेघेची बाजू भिंतीकडे, आणि उचलताना काठाला धरून उचलायचं नाही, दोन्ही हात पोटाला.

काठपदर
५,८०० वाया.

सिंगापूरची_सून
माझ्या दाणीत भोकं नाहीत पण कुंचल्यांना काही झालेलं नाही, एवढं नोंदवून ठेवते.

खापरतोड्या
ताई, एक राहिलं. टोपीदाण्या जोडीने असतात म्हणालो होतो. दुसरी कुठे आहे ते विचारलंत का?

शाईचा_डाग
आहे त्याच्याकडेच. तिला तडा नाही. ११,००० सांगतोय.